सावकारपेठेतले विटेकर

मुंबईहून निघणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर अशी गावं घेत थेट चेन्नईत उतरायचा. आता त्याचा क्रमांक ४८ झाला. कराडला हा रस्ता सोडून पूर्वेला चाळीसेक किलोमीटर गेलं की सांगली जिल्ह्यातलं विटा लागतं. खानापूर तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. यंत्रमाग आणि कुक्कुटपालन यांसाठी त्याचं नाव घेतलं जातं. पण विट्याच्या आणि भोवतालच्या लेंगरे, पारे, भाळवणी, पळशी, माहुली अशा गावांच्या संसाराचा मोठा हिशोब तालुक्याबाहेर, राज्याबाहेर मांडलेला असतो. या गावांतली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत मागच्या गल्लीला, बहुधा जिन्याखाली किंवा पहिल्या मजल्यावर, छोटी भट्टी लावून बसलेली आहेत. ती सोनं-चांदी आटवतात, शुद्ध करतात. या धंद्याला गलाई म्हणतात, आणि करणाऱ्याला गलाईवाला.

चेन्नईत त्यांना शोधायचं तर सावकारपेठेत जावं. चेन्नई सेंट्रल स्टेशनपासून चालत जाण्याजोगी ही वस्ती. एका बाजूला नेताजी सुभाषचंद्र बोस रोड, तिथे ठोक दागिन्यांचे व्यापारी. दुसरीकडे मिंट स्ट्रीट, जिथे एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारची टांकसाळ होती. गल्ल्या इतक्या अरुंद की हातगाडी आली तर माणसानं पायरीवर चढायचं. मारवाडी, गुजराती, तेलुगू, तमिळ अशा सगळ्या पाट्या. मराठी पाटी सहसा दिसत नाही, कारण गलाईवाल्याला पाटीची गरज नसते. त्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरून जाणारं नसतंच. दागिने घडवणारा आसारी, जुनं सोनं घेणारा सराफ, गहाणाचा माल न सुटल्यामुळे लिलावात विकणारा अडगुकडैवाला, म्हणजे तारण ठेवून पैसे देणारा दुकानदार, अशी ही मंडळी. त्यांना जागा ठाऊक असते. तमिळ माणूस उत्तरेकडून आलेल्या कोणत्याही दुकानदाराला सरसकट ‘सेट्टु’ म्हणतो. त्यामुळे चार एकर जिरायतीचा धनी असलेला विट्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा सावकारपेठेत पाऊल टाकताच शेट होतो, खिशात काही असो वा नसो.

तमिळनाडूत सोनं पवनात मोजतात. एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. लग्न ठरवताना किती पवन घालणार हा प्रश्न उघड विचारला जातो आणि उत्तरही उघड दिलं जातं. देशातल्या सोन्याच्या मागणीचा सुमारे ४० टक्के वाटा दक्षिणेकडच्या राज्यांचा आहे, असं जागतिक सुवर्ण परिषद सांगते. इतकं सोनं घरात येतं तसं ते घराबाहेरही जातं. आजीची वजनदार साखळी नातीला नको असते, कुणाला दवाखान्याचं बिल भरायचं असतं, कुणाची शेतीची उचल थकलेली असते. ते सोनं मोडीत निघालं की त्याची वाट कुठून तरी गलाईवाल्याच्या मुशीकडे येते. मुशीतून बाहेर येताना ते कुणाचंच नसतं. मणी, फासा, घडवणाऱ्याचा शिक्का, झिजलेल्या कडा, सारं जाऊन एक पिवळी लगड उरते. सोन्याचा इतिहास पुसणं हेच या माणसाचं काम. बाजाराला त्याची गरज आहे ती याचसाठी, आणि त्याच्या आयुष्यातली बहुतेक विघ्नंही याच कामातून येतात. आतल्या भट्टीची उष्णता आणि बाहेरच्या कायद्याची धग, दोन्ही एकाच गोष्टीची फळं आहेत असं मला या धंद्याकडे पाहताना वारंवार वाटत आलं.

खानापूरच्याच माणसांनी हा धंदा का धरला? नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला खानापूर-आटपाडीच्या माळावर माणूस भर पावसाळ्यात आभाळाकडे तोंड करून उभा असतो. येरळा नदी खटावकडून खानापूरकडे वाहत येते ती वर्षातले बरेच महिने वाळूचीच. शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी १९५५ साली आलेल्या ‘बनगरवाडी’त याच मुलखाचा दुष्काळ लिहिला. त्या कादंबरीतली माणसं दुष्काळ पडला की गाव सोडतात. खानापूरच्या माणसांनीही तेच केलं, फक्त त्यांना जाण्यासाठी एक ठरलेलं ठिकाण आणि एक ठरलेलं काम सापडलं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर घाम गाळण्यापेक्षा परमुलखात भट्टीपुढे बसलेलं बरं, असं वाटणारी पोरं घरोघर होती.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. हे लोक जातीनं सोनार नव्हेत. बहुतेक मराठा आणि इतर शेतकरी घरांतले. कलाकुसर त्यांच्या वाट्याला नव्हती. दागिना घडवणं पिढीजात कारागिराचं, तो विकणं पेढीवाल्याचं. मधली जागा, जिथे धूर, आम्ल आणि जोखीम होती, ती मोकळी होती. पहिला कुणी तरी गेला, त्यानं भाच्याला बोलावलं, भाच्यानं चुलतभावाला. मामा किंवा चुलता हाच इथला गुरू आणि तोच मालक. दहावीत नापास झालेल्या पोराला ‘मामाकडे धाडू’ असं घरात ठरायचं तेव्हा मामा मदुराईत आहे की कानपुरात, हा प्रश्न गौण असायचा. पोरगा तिथे जाऊन झाडलोट करायचा, चहा आणायचा, भाता ओढायचा, मुशी निवडायचा. दोन-तीन वर्षांनी तेजाबाला हात लावायची परवानगी. पाच-सात वर्षांनी मामाच्या भांडवलावर, मामाच्या ओळखीवर, दुसऱ्या गल्लीत किंवा दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी. काश्मीर ते कन्याकुमारी असं या मंडळींचं स्वतःविषयीचं बोलणं असतं. त्यातली बढाई वजा केली तरी खरं बरंच उरतं.

आता प्रत्यक्ष काम. दागिना आला की प्रथम वजन, गिऱ्हाइकासमोर. मग टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा. पूर्वी काळ्या कसोटीच्या दगडावर दागिन्याची रेघ ओढायची, शेजारी ठाऊक टंचाच्या सळईची रेघ, वर आम्लाचा थेंब, आणि कोणती रेघ किती टिकते हे डोळ्यांनी ठरवायचं. मुरलेला माणूस एखाद्या टक्क्याच्या फरकानं सांगायचा. आता क्ष-किरणांवर चालणारं यंत्र काही सेकंदांत दशांशासह आकडा देतं. दागिना मुशीत जातो, वर टाकणखाराची चिमूट. सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ ला. टाकणखार मळी शोषून वर आणतो, सोनं खाली थरथरत राहतं.

नुसतं आटवून सोनं शुद्ध होत नाही. त्यातली चांदी, तांबं, जस्त काढायचं तर दोन वाटा. जुनी वाट शोऱ्याच्या तेजाबाची, म्हणजे नायट्रिक आम्लाची. पण हे आम्ल सोन्याच्या आत शिरायला सोनं विरळ असावं लागतं. म्हणून सोन्यात आधी चांदी किंवा तांबं वाढवतात. ऐकायला उलटं वाटतं, शुद्ध करायचं म्हणून आधी आणखी अशुद्ध करायचं, पण यामागचा हिशोब पक्का आहे. समजा, ८८ टंचाचा १०० ग्रॅमचा माल आहे. त्यात सोनं ८८ ग्रॅम. ते एकूण वजनाचा चौथा हिस्सा व्हायला हवं, म्हणजे एकूण ३५२ ग्रॅम. बारा ग्रॅम भेसळ आधीचीच, तेव्हा वरून २५२ ग्रॅम चांदी घालायची. शाळेत गणितात मागे पडलेली पोरं हे तोंडी करतात. मग वितळलेला रस पाण्यात ओततात, त्याचे पातळ दाणे होतात. ते तेजाबात उकळायचे. चांदी, तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी उरते. ज्यानं आधी पाहिलं नसेल त्याला ती वीटभट्टीवरची धूळ वाटेल. ती धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातली की पिवळं धमक सोनं. विरघळलेली चांदी परत मिळवायला त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. तांबं पाण्यात जातं, चांदी भुऱ्या कापसागत खाली बसते. दुसरी वाट अम्लराजाची. तीन भाग मिठाचं आम्ल, एक भाग शोऱ्याचं. त्यात सोनंच विरघळतं आणि चांदी क्षार होऊन तळाला जाते. नंतर हिराकस घालून सोनं परत खाली आणायचं. या वाटेनं शुद्धता अधिक येते, पण लक्षही अधिक द्यावं लागतं.

मिळकत कशात? ग्रॅममागे ठरलेली मजुरी अगदी थोडी. खरी शिल्लक काटकसरीत. फुटलेल्या मुशी दळून पुन्हा आटवायच्या. फरशीचा केर जपून ठेवायचा. हात पुसलेली फडकी जाळून राख साठवायची. हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात न सोडता पिंपात निवळू द्यायचं. वर्षाच्या अखेरीला या साऱ्यातून जे निघतं त्यावर गावच्या घराचा एखादा मजला चढतो. गलाईच्या दुकानातली फरशी नवी करायची ठरली तर जुनी फरशी उखडणाऱ्यावर शेटची नजर असते. तिच्या भेगांमध्ये त्याची काही वर्षांची कमाई मुरलेली असते.

शरीराचा हिशोब मात्र कुणी ठेवत नाही. तेजाबात दाणे पडले की तांबूस-तपकिरी धूर उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. फुप्फुसाला तो किती झोंबतो हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. आम्लानं बोटांची कातडी पिवळी पडते, चांदीच्या पाण्यानं काळी. आम्लाच्या वाफेनं दातांचं वरचं कवच झिजतं, हे अशा कामांच्या आरोग्यावरील अभ्यासांत नोंदलेलं आहे. एक शत्रू त्याहून छुपा आहे. डाग लावायला कॅडमियम वापरलेले केडीएम दागिने एके काळी दर्जेदार म्हणून विकले गेले. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. सोनं वितळेपर्यंत ते हवेत मिसळून गेलेलं असतं, आणि ती हवा भट्टीवरचा माणूस घेतो. ज्या बाईनं तो दागिना वीस वर्षं अंगावर घातला तिला काही झालं नाही. मोडणाऱ्याच्या मूत्रपिंडांनी त्याची किंमत दिली. त्यात चेन्नईचा मे महिना, बंदराकडून येणारी दमट हवा, आणि सोन्याची भुकटी उडेल म्हणून बंद ठेवलेला पंखा.

सकाळी दहाच्या सुमारास बाजार उघडतो आणि रात्री उशिरापर्यंत भट्टी चालते. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तमिळ घरांत लग्नकार्य नसतं, तेव्हा काम मंदावतं. संक्रांतीला तै महिना लागला की लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि आसारी दारात रांग लावतात. अक्षय्यतृतीयेला आणखी. गावची जत्रा चैत्रात आणि गिऱ्हाइकाची गर्दी वैशाखात, अशा कात्रीत बहुतेकांची सुट्टी सापडलेली असते.

या धंद्यात बाहेरच्याला सर्वांत अवघड वाटावी अशी बाब म्हणजे विश्वास. शेजारच्या गल्लीतला आसारी लाखांचा माल फडक्यात बांधून आणतो, ठेवतो आणि चहा प्यायला जातो. पावती असलीच तर कागदाच्या चिठोऱ्यावर वजन आणि टंच. गलाईवाला परक्या मुलखातला, भाषा कामापुरती, जागा भाड्याची. त्यानं रातोरात पोबारा केला तर शोधायचं कुठे? तरी माल ठेवला जातो, कारण त्याची जमीन कुठे आहे, गाव कोणतं, मामा कोण हे सगळ्या बाजाराला ठाऊक असतं. एकानं दगा दिला तर त्याच्या गावच्या साऱ्यांची पत जाते, म्हणून त्याच्यावर पहिली नजर ठेवतात ते त्याचे गाववालेच. गावची माती हे इथलं तारण आहे, तेही कागद न करता दिलेलं. वितळताना थोडी घट येणारच, पण किती घट रास्त आणि किती संशयास्पद हे बाजाराच्या अनुभवानं ठरलेलं असतं. त्याबाहेर दोनदा गेलेल्या माणसाकडे तिसऱ्यांदा कुणी येत नाही.

सरकारशी मात्र असा तोंडी व्यवहार चालत नाही. १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण नियम आले. नवा दागिना १४ कॅरेटहून शुद्ध करायचा नाही, अशी अट होती. चीनच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं होतं. देशभरातल्या सोनारांचे हात थांबले. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं: दागिना चालेल, पण लगड, तुकडा, कांडी अशा कच्च्या रूपातलं सोनं सामान्य माणसाजवळ असता कामा नये. आता गलाईवाल्याच्या हातातून जे बाहेर पडतं ते तेवढंच, लगड आणि कांडी. म्हणजे परवाना नसेल तर काम पूर्ण होण्याचा क्षण हाच गुन्ह्याचा क्षण. हा कायदा १९९० साली रद्द झाला. त्या बावीस वर्षांत हा धंदा चोरवाटांनी, मागच्या दारांनी चालला. दाराची कडी वाजली की आधी फटीतून बघायची सवय काही म्हाताऱ्यांना अजून आहे, ती त्या काळाची.

कायदा गेला तरी एक कलम राहिलं. भारतीय दंड संहितेचं ४११, चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणं किंवा जवळ ठेवणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक ३१७ झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ते लावायचं तर माल चोरीचा आहे हे ठाऊक होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे सिद्ध करावं लागतं. प्रत्यक्षात जे घडतं ते असं. दूरच्या ठाण्यात एक चोर पकडला जातो. सोनं कुणाला विकलं हे तो सांगतो. त्याच्या सांगण्यावरून वस्तू हाती लागली तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग पुराव्यात धरता येतो. जुन्या पुरावा कायद्याचं २७ वं कलम हे त्यासाठीच होतं. पोलीस चोराला घेऊन बाजारात येतात, आणि तो बोट दाखवेल ते दुकान आरोपीचं. चोरलेलं मंगळसूत्र तर तिथे नसतंच. ते केव्हाच आटलेलं, तेजाबातून गेलेलं, दुसऱ्या दहा दागिन्यांच्या सोन्यात मिसळून पुढे निघून गेलेलं. मग सोन्याला सोनं, वजनाला वजन भरून द्या, नाहीतर अटक, असा तोडगा पुढे येतो, ही गलाईवाल्यांची जुनी आणि देशभरची तक्रार आहे. परक्या राज्यात वकील शोधण्यापेक्षा, दुकानाला कुलूप लागून पत जाण्यापेक्षा, बरेच जण सोनं देऊन मोकळे होतात. चोरानं खरं सांगितलं की जुनं वैर उगवलं, हे तपासायला तिथे कुणी थांबत नाही.

एकाच बाजूनं लिहिणं मात्र बरोबर नाही. बाजारभावाहून फार स्वस्त सोनं दारात आलं आणि विकणाऱ्याच्या पायात चप्पलही नसेल, तर विचारायचं की नाही हा प्रश्न प्रत्येक भट्टीसमोर कधी ना कधी येतो. काही जण विचारत नाहीत. ओळख पुसण्याची ताकद ज्याच्या हातात आहे त्याच्यावर संशयाची सावली पडणारच, आणि ती पूर्णपणे अन्यायाची आहे असं कुणी शहाणा गलाईवालाही म्हणणार नाही. म्हणूनच अनुभवी माणसं अनोळखी माणसाचा माल घेतच नाहीत, सराफाच्या मार्फतच आणा म्हणतात. थोडी मजुरी जाते, पण झोप राहते.

गेल्या दहा वर्षांत या धंद्यावर एकापाठोपाठ एक लाटा आल्या. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी रोकडीवरच्या बाजाराला बसली. एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घ्यायला बंदी झाली. जुलैत वस्तू व सेवा कर आला, सोन्यावर तीन टक्के, मजुरीच्या कामावर पाच टक्के. चिठोऱ्यावर हिशोब ठेवणाऱ्याला दरमहा विवरणपत्र आणि हिशोबनीस लागू लागला. २०२० च्या टाळेबंदीत भट्ट्या थंडावल्या. त्या वर्षी विट्याकडच्या कुलूपबंद बंगल्यांचे दरवाजे कित्येक वर्षांनी एकदम उघडले, आणि मुंबई-पुण्याहून आलेल्यांसारखंच तमिळनाडूहून आलेल्यांकडेही गावानं थोडं लांबूनच पाहिलं.

त्यानंतर हॉलमार्क. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख कोरणं बंधनकारक झालं. प्रत्येक दागिन्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि गलाईवाला तो पाव तासात घालवतो, तोही पूर्णपणे कायदेशीररीत्या. शासन एका टोकाला ओळख लिहितं आणि दुसऱ्या टोकाला याच्या मुशीत ती मिटते. मधला कागद नीट ठेवा, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती वाजवी आहे. फक्त तो कागद ठेवण्याचा खर्च दोन खोल्यांच्या भट्टीला आणि मोठ्या कारखान्याला सारखाच येतो. जागतिक सुवर्ण परिषदेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०१३ मध्ये देशात संघटित सोने शुद्धीकरण कारखाने पाचाहून कमी होते, २०२१ मध्ये ते ३३ झाले. त्या वर्षी भारतात सुमारे ७५ टन जुनं सोनं पुन्हा वापरात आलं, आणि या बाबतीत भारत जगात चौथा होता. मोठ्या साखळी दुकानांचं जुनं सोनं आता थेट अशा कारखान्यांकडे जातं. गल्लीतल्या भट्टीकडे उरतो तो लहान सराफ आणि आसारी. त्या आसाऱ्यांमध्येही आता बंगालहून आलेले कारागीर पुष्कळ.

आणि भाव. १९७२ मध्ये दहा ग्रॅमला दोनशे रुपयांच्या आसपास असलेलं सोनं एप्रिल २०२५ मध्ये लाखाला भिडलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, गलाईवाल्याची चांदी झाली असेल. पण मजुरी वजनावर ठरते, भावावर नाही. उलट, अर्धा टक्का घट पूर्वी दहा ग्रॅमला एक रुपयाची होती, ती लाखाच्या भावाला पाचशेची झाली. चोराच्या एका बोटानं भरून द्यावं लागणारं सोनंही तितकंच महागलं.

घर या साऱ्याच्या मध्ये कसंबसं बसवलेलं असतं. पहिल्या पिढीचे पुरुष एकटे यायचे. दुकानातच झोपायचे, एक जण पाळीनं भाकऱ्या बडवायचा. ज्वारीचं पीठ गावाहून यायचं, चटणीचा डबा प्रत्येक येणाऱ्याबरोबर. पुढच्या पिढीनं बायको आणली. ती बाई चेन्नईच्या चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, खाली बाजार आणि शेजारी राजस्थानी, तेलुगू कुटुंबं. भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकं तमिळ ती नवऱ्याच्या आधी शिकते. नवऱ्याचं तमिळ वजनं, टंच आणि शिव्या यांपलीकडे फारसं जात नाही.

मुलांचं वेगळंच. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषा. २००६ च्या कायद्यानं पहिलीपासून एकेक इयत्ता वर चढवत दहावीपर्यंत तमिळ सक्तीचं केलं. त्यामुळे गलाईवाल्याचा मुलगा घरात खणखणीत खानापुरी मराठी बोलतो, ‘आलतो’, ‘गेलतो’ करतो, पण देवनागरी वाचताना अडखळतो. लग्नपत्रिका आली की आजोबांना नाव वाचून दाखवायला आईला हाक मारावी लागते. हा लेखही त्या घरात पोचला तर वाचणार ती आईच.

चेन्नईत मराठी काही कालपरवा आलेली नाही. १६७७ च्या दक्षिण स्वारीत शिवाजी महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडून औषधं मागवल्याची नोंद इंग्रजांच्याच दप्तरात आहे. तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ मंदिरात महाराज दर्शनाला येऊन गेले अशी तिथली परंपरा सांगते. हे देऊळ विश्वकर्मा समाजाचं, म्हणजे ज्यात सोनार येतात त्यांचं. तंजावरच्या राज्यातून आलेले मराठी तर इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. १९१२ मध्ये या मंडळींनी मद्रासेत महराट्टा एज्युकेशन फंड काढला. पण तंजावरी मराठी आणि विट्याची मराठी एका पंगतीत सहसा बसत नाहीत. एक वकिली-नोकरीतली, दुसरी भट्टीवरची. एकाला आपलं मूळ गाव सांगता येत नाही, दुसऱ्याला दुसरं काही सांगायचंच नसतं.

कारण विटेकराचा पैसा, सल्ला, भांडण, मुलीचं लग्न सगळं गावाकडे. सून शोधायची तर खानापूर, आटपाडी, फार तर खटाव-माणपर्यंत. विट्यात दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत होते, खरसुंडीला चैत्रात सिद्धनाथाची यात्रा. शक्य असेल तो येतोच. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या फळ्यावर चेन्नई, सेलम, कोइमतूर अशी गावं देणगीदारांच्या नावापुढे दिसतात. गावात तीन मजली बंगला, आत फर्निचर, दाराला कुलूप. राहायला कोण? वर्षाकाठी पंधरा दिवस मालक, उरलेले दिवस देखरेखीला एखादा चुलता. मालक स्वतः चेन्नईत दहा बाय बाराच्या खोलीत. हे वेडेपण आहे असं शहरी माणसाला वाटेल. पण ज्या बाजारात गावची माती हेच तारण आहे, तिथे बंगला हा भांडवलाचाच भाग ठरतो, भले तो राहायला न वापरलेला असेना.

आता मात्र गावच बदललं. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या माळांवर नेणारी योजना १९९० च्या दशकात हाती घेतली गेली. वर्षानुवर्षं ती रखडत गेली. तालुक्याचे आमदार अनिल बाबर, ज्यांचं ३१ जानेवारी २०२४ ला निधन झालं, त्यांचं राजकारण मुख्यतः याच पाण्याभोवती फिरलं. जिथे पाणी पोचलं तिथे ज्वारीच्या जागी ऊस, द्राक्षं, डाळिंब. यातल्या पुष्कळ बागांच्या पाइपलाइनला पैसा भट्टीतून आलेला.

तिकडे चेन्नईत जन्मलेली मुलं इंजिनिअर होऊन जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या संगणक कंपन्यांत जातात. बापाला त्याचा अभिमान आहे आणि थोडी हळहळही. दुकान चालवायला पोरगा गावाकडूनच मागवावा लागतो, आणि गावाकडच्या पोराकडे आता पाण्याचं शेत आहे, मोटरसायकल आहे. मामाचा फोन गेला तर भाचा आधी पगार विचारतो, मग भागीदारीचं काय ते विचारतो, आणि मग दुकानाचा सगळा हिशोब बिलावर चालतो का, हेही विचारतो. मामाला तिन्ही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.